रविवारी सहा ते सात

पहाटे साडेपाचला बेचाळीस मुलींना उठवून बघा. फक्त एकदा. त्यानंतर तुमचा मंडे मॉर्निंगचा रिव्ह्यू, टार्गेट आणि चिडका बॉस, सगळं एकदम सोपं वाटायला लागेल. गॅरंटी!

मी गेल्या जूनपासून हे रोज करतेय. फ्रीलान्सिंगचं तर तुम्हाला माहीतच आहे. लेख छापून येतो आणि पेमेंट सहा महिने 'प्रोसेसमध्ये' असतं. घरमालकाला मात्र प्रोसेस-बिसेस कळत नाही. नेमकं तेव्हाच हिंगण्याजवळच्या एका निवासी शाळेत असिस्टंट रेक्टरची जागा निघाली. आठवी ते दहावीच्या मुलींचा हॉल सांभाळायचा, राहणं-जेवण फ्री. म्हटलं, वर्षभर करू, वर लिहायला मटेरियलही मिळेल. किती चलाख ना मी!

नागपूरकरांसाठी हिंगणा म्हणजे एमआयडीसी, इंजिनीअरिंग कॉलेजांच्या बसेस आणि दुपारची ती रणरणती हिंगणा रोड. २०२० च्या जानेवारीत ॲक्वा लाइन लोकमान्य नगरपर्यंत आली आणि बर्डी एकदम जवळ वाटायला लागली. आमच्या पोरींना त्याचं काय? त्यांना गेटच्या बाहेर जायचं तर गेटपास लागतो आणि गेटपासवर सही माझी लागते.

सरकारी वसतिगृहात माझ्यासारखीला गृहपाल म्हणतात, आश्रमशाळेत अधीक्षिका आणि आमच्याकडे रेक्टर. मुलींकडे मात्र दोनच शब्द आहेत. दिवसा, सगळ्यांसमोर 'मॅडम'. रात्री पोट दुखलं, भांडण झालं किंवा घरची आठवण आली की 'ताई'. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तर सकाळ. मी घंटा वाजवते आणि चादरींच्या आतून आवाज येतात, "ताई, पाच मिनिट न!" "मले लय झोप येऊन रायली!" पहिल्या महिन्यात मला वाटायचं, आळशी आहेत कार्ट्या. मग जरा वाचलं. किशोरवयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलॅटोनिन रात्री उशिरा स्रवायला लागतं. म्हणून दहाला लाइट बंद केले तरी अकरापर्यंत खुसुरफुसुर आणि पहाटे साडेपाचला सगळा हॉल मेल्यासारखा. या वयाला आठ ते दहा तास झोप हवी. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं होतं की मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नका. आपल्याकडे २०२४ मध्ये सरकारने सकाळी नऊच्या आधी शाळा नको म्हटलं, पण ते चौथीपर्यंतच. ज्यांचं घड्याळ खरंच सरकतं त्या आठवी-नववीवाल्या तशाच राहिल्या. हे सगळं माहीत असूनही मी घंटा वाजवते. नोकरी आहे, काय करणार?

मग बाथरूमची रांग. बाथरूम सहा, मुली बेचाळीस, गणित तुम्हीच करा. "हिनं माझी बकेट घेतली!" "मी कायले घेऊ तुही बकेट?" त्यानंतर वेण्या, रिबिनी, हरवलेला एक मोजा. नाश्त्याला पोहे असले की 'तर्री कुठाय?' असा एकसुरात गजर. शाळा, खेळ, अभ्यासिका, जेवण, हजेरी. रात्री दहाला लाइट्स ऑफ. दिवसभर पळापळ आणि शेवटी काहीच घडलेलं नसतं. सगळ्या जेवल्या, सगळ्या पलंगावर आहेत, बस. या कामात यालाच सक्सेस म्हणतात.

आता मोबाइल. मुलींना मोबाइल बंदी आहे. घरच्यांशी बोलायला रविवारी सकाळी दहा ते बारा, होस्टेलच्या फोनवर, एकीला पाच मिनिटं. दर शनिवारी लॉकर चेकिंग. ते माझं काम.

नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी मी वैतागलेली होते. एका स्टोरीची डेडलाइन डोक्यावर, रात्रभर जागरण, त्यात कोणाकडे तरी फोन आहे अशी कुजबुज. खिडकीजवळच्या पलंगावरची दहावीची मुलगी. शांत, गणितात हुशार, बाकीच्यांच्या डाउट्सची हक्काची जागा. तिच्या पेटीत कापडी पाऊच सापडला. ती म्हणाली, "ताई, त्यात माझं सामान आहे." मी ऐकलं नाही. सगळ्या हॉलसमोर तो पाऊच पलंगावर उलटा केला. पॅड्स पडले, आतले कपडे पडले आणि शेवटी फोन पडला.

कोणीतरी हसलं. ती नाही रडली. एकेक वस्तू उचलून तिने पाऊचमध्ये भरली आणि म्हणाली, "सॉरी मॅडम."

मॅडम!

त्या वेळी मला जिंकल्यासारखं वाटलं होतं, हे कबूल करायला हवं. रात्री खोलीत तो फोन टेबलावर ठेवला तेव्हा नीट बघितला. साधा बटणांचा, टॉर्चवाला. नेट नाही, कॅमेरा नाही. मी कॉल लिस्ट उघडली. तेही चूकच, पण उघडली. सगळे कॉल एकाच नंबरचे, नाव 'आई'. वेळ रात्री साडेअकराच्या पुढेमागे. तीन मिनिटं, चार मिनिटं.

दुसऱ्या दिवशी तिला एकटीला बोलावलं. आई हिंगणा रोडवरच्या एका हॉस्पिटलात आया आहे, कायम रात्रपाळी. वडील नाहीत. भाड्याच्या खोलीत मुलगी रात्रभर एकटी राहते म्हणून तर आईने तिला होस्टेलला घातली. रविवारी सकाळी ड्यूटी सुटली की आई दोन घरी स्वयंपाकाला जाते. तिथे फोन उचललेला चालत नाही. म्हणजे आमचा दहा ते बारा हा टाइम तिच्या काहीच कामाचा नाही. रात्री वॉर्डातली कामं आटोपली की आईला पाच मिनिटं मिळतात. तेवढंच बोलायचं. आमच्या गच्चीवरून त्या बाजूचे दिवे दिसतात हो! मायलेकींमध्ये चार-पाच किलोमीटरचं अंतर आणि भेटायची सोय फक्त एका लपवलेल्या फोनवर.

"मग मला सांगायचं ना," मी म्हटलं.

"तुम्ही विचारलं नाही मॅडम. पाऊच उलटा केला."

यावर काय बोलणार?

मी त्या आठवड्यात बरंच जुनं काही वाचत बसले. फेब्रुवारी २०२० मध्ये गुजरातेत भुजमधल्या एका कॉलेजच्या होस्टेलात अडुसष्ट मुलींना पाळी आली आहे का हे बघण्यासाठी कपडे उतरवायला लावले होते. तेव्हा मी सोशल मीडियावर काय तावातावाने लिहिलं होतं! मी काही तेवढं केलं नव्हतं, हे खरं. पण 'तपासायचा हक्क माझा आहे, समोरची मुलगी आहे आणि माझ्या ताब्यात आहे' हा हिशेब कुठे वेगळा होता?

त्याच्या आधी, सप्टेंबर २०१९ मध्ये, केरळ हायकोर्टात एक केस गाजली होती. कोझिकोडजवळच्या एका कॉलेजच्या मुलीने होस्टेलचा ठराविक वेळेत मोबाइल जमा करण्याचा नियम मानला नाही म्हणून तिला होस्टेलातून काढलं. कोर्टाने तिला परत घ्यायला सांगितलं आणि इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं. ती मुलगी सज्ञान होती, माझ्या पोरी चौदा-पंधराच्या. त्यांना रात्रभर स्मार्टफोन द्या असं मी बिलकूल म्हणणार नाही. रात्री एकपर्यंत रील्स बघणारी मी स्वतःच त्याचा चालता-बोलता पुरावा आहे. पण नियम कशासाठी केला आणि तो कोणाच्या आड येतोय हे विचारायला काय हरकत होती?

आणखी एक गंमत. आपण 'हिंगण्यात' म्हणतो तसंच पुणेकरही म्हणायचे, फक्त त्यांचं गाव हिंगणे. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये सुरू केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये तिथे गेला. तिथली व्यवस्था पुढे पार्वतीबाई आठवले बघत, लेडी सुपरिंटेंडेंट म्हणून. तरुणपणीच विधवा झालेली, मोठेपणी शिकलेली बाई. आश्रमासाठी वर्गणी मागत त्या देशभर फिरल्या, अमेरिकेतही गेल्या. मुलींना काय सोसावं लागतं हे त्यांना कुठल्या मॅन्युअलमधून शिकावं लागलं नसणार. माझ्याकडे मास कॉमची डिग्री होती आणि नियमांची चार पानी प्रिंट. प्रश्न विचारण्याचं ट्रेनिंग घेतलेली मी, एक साधा प्रश्न विचारायची विसरले.

नियमाप्रमाणे फोन सापडला की आठ दिवस घरी. म्हणजे आठ रात्री त्याच खोलीत एकटी, आई ड्यूटीवर! जे टाळायला होस्टेल, तेच शिक्षा म्हणून. मी प्रिन्सिपॉल मॅडमकडे गेले. आधी माझी चूक सांगितली, पाऊचची. मग आईच्या ड्यूटीचं टाइमटेबल सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या.

"एकीला सूट दिली तर बाकीच्यांना काय सांगू?" त्यांनी विचारलं. प्रश्न चुकीचा नव्हता.

"सूट नको मॅडम. फोनची दुसरी वेळ ठेवू, सगळ्यांसाठी."

"आणि तेव्हा बसणार कोण?"

रविवारची संध्याकाळ ही माझी आठवड्यातली एकुलती एक सुट्टी. बर्डी, कॉफी, मैत्रिणी, सगळं तेव्हाच. तरी तोंडातून 'मी' निघून गेलं. होस्टेलचा फोन संध्याकाळी ऑफिसात बंद असतो, म्हणून फोनही माझाच.

घरी पाठवणं टळलं. तो बटणांचा फोन वर्ष संपेपर्यंत ऑफिसच्या कपाटात आणि एक माफीचं पत्र, एवढ्यावर निभावलं. लॉकर चेकिंग अजून होतं, पण आता एकेकीला बोलावून, आणि तिचं सामान तिच्याच हाताने काढलेलं. एक माफीचं पत्र मीही लिहिलं, तिला. तिने घडी करून वहीत ठेवलं. उत्तर नाही.

पहिल्या रविवारी मला वाटलं, ती एकटीच येईल. दाराशी अकरा मुली होत्या! कोणाचे वडील ट्रक चालवतात, कोणाची आई सकाळी बाजारात भाजी विकायला बसते, कोणाच्या घरी एकच मोबाइल आणि तो दिवसभर भावाकडे. जूनपासून या अकराजणींना सकाळी दहा ते बारामध्ये नुसती रिंग ऐकू येत होती. मी रजिस्टरवर 'कॉल झाला' असं लिहून मोकळी होत होते.

ती नेहमी सगळ्यांच्या शेवटी येते. जिन्यात पाठमोरी उभी राहून बोलते. पाच मिनिटं झाली की स्वतःच फोन ठेवते, स्क्रीन ओढणीने पुसते आणि परत देते. "थँक्यू मॅडम."

अजून 'ताई' म्हणत नाही. मी घाई करत नाहीये.

एडिटर मंडळींसाठी एक निरोप. रविवारी संध्याकाळी सहा ते सात 'कॉपी कुठेय?' विचारायला फोन करू नका. लाइन बिझी असेल.