वर्तुळ आणि त्याची दारे

सर्व धर्मांनी वर्तुळ पवित्र मानले, तेव्हा सर्व धर्म मुळात एकच, हे विधान आपण व्याख्यानांतून नेहमी ऐकतो. टाळ्याही पडतात. मला मात्र हे समीकरण फार स्वस्त वाटते. तिबेटी भिक्षूंचे रंगीत वाळूचे मंडल, फ्रान्समधील शार्त्रच्या चर्चची गोल काचचित्रे आणि आपल्या अंगणातील ठिपक्यांची रांगोळी यांचा आकार जुळतो, हे खरे. पण वर्तुळ काढले की आत आणि बाहेर असे दोन भाग पडतातच. मग आत कोण आणि बाहेर कोण, हे विचारायला नको काय?

उदाहरणासाठी नागपूर सोडण्याचे कारण नाही. काटोल मार्गावर जुनापाणीला सुमारे ३०० शिलावर्तुळे आहेत. रिव्हेट-कार्नॅक यांनी १८७९ साली त्यांविषयी लिहिले. ही महापाषाणयुगीन दफने. त्यांत लोखंडी हत्यारे व मृद्भांडी सापडली. येथे वर्तुळाच्या आत मृत आहे आणि जिवंत माणूस बाहेर.

स्तूपही मुळात अवशेषांवर रचलेला ढीगच. सांचीचा स्तूप भरीव आहे. प्रदक्षिणा बाहेरून घालायची. आमच्या दीक्षाभूमीचा स्तूप मात्र आतून पोकळ आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह जेथे बौद्ध धम्म स्वीकारला, तेथे तो उभा राहिला आणि १८ डिसेंबर २००१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्याला चार दिशांना चार दारे आहेत. तिबेटी मंडलातही चार दारे रेखाटतात. येथे त्यांतून माणसे खरोखर आत जातात. ज्यांच्या वाडवडिलांना देवळाची पायरीही चढू दिली नव्हती, त्यांच्यासाठी या दारांचा अर्थ पुस्तकी नाही. सारे धर्म एकच, असे म्हणून आपण हा अर्थच पुसून टाकतो.

वर्तुळे आपल्या महाविद्यालयातही आहेत. उपाहारगृहातील टेबलांभोवती कोण कोणाजवळ बसतो, वसतिगृहात कोणाच्या खोलीत कोणाचे जाणे-येणे आहे, हे मित्रांनो, एकदा पाहा. आडनाव विचारून मगच खुर्ची सरकवली जात असेल, तर भिंतीवर मंडलाचे सुंदर चित्र टांगून काय उपयोग? माझे मत इतकेच आहे की, वर्तुळाचे सौंदर्य वाखाणण्याआधी त्याला दार आहे की नाही आणि ते कोणासाठी उघडते, हे पाहावे.