सहा वर्षांच्या आतला सीमाप्रश्न



१ नोव्हेंबर आला की आपण काळ्या फिती लावतो आणि निषेध फेरीत चालतो. १९५६ साली बेळगाव त्या वेळच्या म्हैसूर राज्यात ढकलले गेले, त्याचा हा निषेध आहे. तो चालू राहिला पाहिजे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. आम्हांला अलीकडे छळू लागला आहे तो वेगळाच प्रश्न. त्या फेरीत बापाच्या खांद्यावर बसलेले तीन-चार वर्षांचे पोर घरी गेल्यावर कोणत्या भाषेत खेळते?

शहापूर-अनगोळपासून येळ्ळूर-कडोलीपर्यंत कुठल्याही मराठी घरात जरा कान देऊन बसावे. "बाळा, तो बघ डॉगी", "येलो कलर कुठला, सांग पाहू". आई-बाप दोघेही मराठी शाळेत शिकलेले. पण नर्सरीच्या प्रवेशाला पोर मागे पडू नये म्हणून ही सारी तयारी. अशाने इंग्रजी येते म्हणावे, तर तेही नाही. वाक्य मराठीच राहते, त्यातला कुत्रा आणि पिवळा तेवढे हद्दपार होतात. मग पोर ना धड इकडचे, ना धड तिकडचे.

घटनेतील ३५०-अ हे कलम १९५६ च्याच घटनादुरुस्तीने आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे ते सांगते. त्याच्या बळावर आपण शाळांसाठी आणि शिक्षकांसाठी निवेदने देत आलो. पुढे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्याच एका प्रकरणात निकाल दिला की, सरकारला मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती करता येणार नाही. माध्यम पालक निवडतील. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हे पायाभरणीचे वय मानले आणि खेळातून शिकवण्यावर भर दिला. एवढे सगळे वाचल्यावर आम्हांला एकच दिसते. शाळेच्या दाराशी कायदा काय करायचे ते करील, पण त्याआधीची वर्षे कोणत्याच खात्याकडे नाहीत. ती आपल्या स्वयंपाकघरात आणि अंगणात जातात, आणि तिथे कोणाची आडकाठी नाही.

हे काम कसे करावे, हे मराठी माणसाला बाहेरून शिकण्याची गरज नाही. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून आल्या. पुढे बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी अनुताई वाघ यांना सोबत घेऊन बालवाड्या चालवल्या. माँटेसरीबाईंची पद्धत त्यांना पटली होती. महागडी साधने आदिवासी पाड्यावर कुठून येणार? म्हणून त्यांनी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने केली. मुले शाळेत येईनात, तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. आज सरकारी योजनेत गावोगाव दिसणारी 'अंगणवाडी' तिथली. ज्या घरात पाचशे रुपयांची चित्रांची कार्डे येतात आणि चिंचोके मात्र कचऱ्यात जातात, त्या घराने हे जरूर आठवावे.

आपल्याकडे साधनांना काय तोटा आहे? बेळगावच्या पश्चिम भागात रताळी-बटाटे निघतात, तेव्हा पोराला ढिगाजवळ बसवा आणि लहान-मोठी वेगळी करू द्या. वाटाणे सोलताना एका शेंगेत किती दाणे निघाले, ते त्यालाच मोजू द्या. शंभरापर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या पोराला "चार वाट्या आण" म्हटले तर तीनच आणते, हे आम्ही अनेक घरांत पाहिले आहे. आकडे पाठ म्हणणे वेगळे आणि एकेका वाटीला एकेक आकडा लावणे वेगळे. हे दुसरे पानाची मांडामांड करताना येते. कणकेचा छोटा गोळा हाती दिला तर बोटांना बळ येते, आणि पुढे पेन्सिल धरायला तेच उपयोगी पडते. आणि बोलावे. सैल, घट्ट, चिकट, भुसभुशीत, खरखरीत हे शब्द हाताला ती गोष्ट लागत असतानाच कानावर पडले तर पक्के बसतात. मोबाइलवरचे गाणे पोराला उत्तर देत नाही, आजी देते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्पष्टच सांगितले की दोन वर्षांपर्यंत पडदा नको, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला तासाहून अधिक नको.

कोणी विचारील, मग कन्नडचे काय? आमचे मत काहींना रुचणार नाही, पण सांगतो. आपले भांडण सक्तीशी आहे. गल्लीत खेळता खेळता पोर कन्नड उचलत असेल तर उचलू द्या. आपल्या आज्या बाजारात दोन्ही भाषांत घासाघीस करीत आल्या, म्हणून त्यांचे मराठी काही पातळ झाले नाही. घरची भाषा पक्की असलेल्या पोराला दुसरी आणि तिसरी भाषा जड जात नाही. इंग्रजीलाही हेच लागू आहे.

आणखी एक गोष्ट कार्यकर्त्यांना. हे सगळे वहिनींच्या गळ्यात घालून आपण बैठकीला निघायचे, असे चालणार नाही. त्या शेतात राबतात, नोकरीला जातात, घरही बघतात. वाटाणे पुरुषांनाही सोलता येतात.

दिवाळी जवळ आली की बेळगावच्या गल्लोगल्ली किल्ले उभे राहतात. सहा वर्षांच्या आतल्या पोरासाठी याहून चांगली शाळा आम्हांला तरी माहीत नाही. माती चाळायची, भिजवायची, किती पाण्याने चिखल होतो आणि किती पाण्याने बुरूज उभा राहतो ते हातानेच समजून घ्यायचे. हळीव पेरायचे आणि दोन-चार दिवसांनी कोंब आले का ते बघायला सकाळी धावायचे. मावळे मोजून तटावर उभे करायचे. तट, बुरूज, माची, खंदक, दिंडी हे शब्द कुठल्या बालवाडीत मिळणार? पण होते काय, स्पर्धेपायी मोठी मुले आणि दादा मंडळीच किल्ला ताब्यात घेतात. प्लास्टर येते, रोषणाई येते, आणि धाकट्याला सांगितले जाते, "तू हात लावू नको."

आमची मंडळांना सूचना आहे. यंदा किल्ले स्पर्धेत सहा वर्षांच्या आतल्यांचा वेगळा गट ठेवा. किल्ला हातभर असला तरी चालेल, वाकडा असला तरी चालेल. परीक्षकांनी वही बाजूला ठेवून पोराशेजारी मातीत बसावे आणि "हे काय, ते काय, हा दरवाजा इथेच का?" असे विचारावे. ते जे सांगेल त्याला गुण द्यावेत. मधे बोलणाऱ्या बापाचे गुण कापावेत.