फडात जाण्याआधी चित्रापुढे

शेतकी विभागाच्या प्रशिक्षणासाठी दरवर्षी थोडी रक्कम ठेवलेली असते. ती बहुतेक हॉल, माइक, चहा-नाष्टा आणि बाहेरच्या व्याख्यात्यांवर जाते. यंदा त्यातला एक दिवस आमच्या माणसांना औंधच्या संग्रहालयात चित्रे बघायला न्यावे, अशी सूचना आम्ही मांडली आहे. "ऊस राहिला बाजूला, आता चित्रं बघायला भत्ता का?" असा सवाल काही सभासदांनी केला. सवाल रास्त आहे. पैसा सभासदांचा आहे, तेव्हा उत्तर देणे आमचे काम.

ही कल्पना आमच्या डोक्यातली नव्हे. अमेरिकेत न्यू हेवन येथे येल विद्यापीठ आहे. तेथील त्वचारोगाचे प्राध्यापक डॉ. आयर्विन ब्रेव्हरमन यांना दिसून आले, की पोरं हुशार आहेत, पुस्तकं पाठ आहेत, पण रोग्याकडे नीट बघत नाहीत. मग विद्यापीठाच्याच ब्रिटिश कलेच्या संग्रहालयातील लिंडा फ्रीडलेंडर बाईंच्या मदतीने त्यांनी विद्यार्थ्यांना चित्रांपुढे उभे केले. दहा-पंधरा मिनिटे एकाच चित्राकडे बघायचे, खालची पाटी वाचायची नाही, मग दिसले तेवढे बरोबरच्यांना सांगायचे. २००१ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात त्याचा निष्कर्ष छापून आला: रोग्यांच्या फोटोत काय काय दिसते हे टिपण्यात संग्रहालयात गेलेली मुले इतरांपेक्षा सरस ठरली.

त्या संग्रहालयात हेन्री वॉलिसचे एक चित्र आहे. पलंगावर एक तरुण पडलाय, एक हात जमिनीकडे लोंबतोय. पहिल्या नजरेला वाटते झोपलाय, कुणी म्हणेल प्यायलाय. जरा थांबून बघावे तर फाडलेले कागद दिसतात, मग एक बाटली दिसते. तो चॅटर्टन नावाचा कवी, १७७० साली सतराव्या वर्षी विष घेऊन मेलेला. "झोपलाय" म्हणून जो पुढे गेला त्याला बाटली दिसतच नाही.

आता आपल्याकडे या. फड पिवळा पडलाय. एक म्हणतो केवडा, दुसरा म्हणतो पाणी साचलं, तिसरा म्हणतो युरिया टाका. तिघेही बांधावरूनच बोलतात. कोवळे पान पिवळे की जुने, शिरा हिरव्या आहेत का, बेट ओढले तर अलगद हातात येते का, हे बघायला कोण आत शिरतो? बेट हातात आले तर मुळं हुमणीने खाल्लीत, तिथे युरियाची गोणी म्हणजे सभासदाचे पैसे मातीत. टनेजच्या अंदाजाचेही तेच. रस्त्याकडेचा ऊस बघून एकरी आकडा लिहिला, की तोडणीचा प्रोग्राम कोलमडतो आणि कुणाचा तरी ऊस एप्रिल-मेच्या उन्हात वाळत उभा राहतो.

मग सरळ फडातच का शिकवू नये? तिथे तर शिकवतोच. पण फडात प्रत्येकाचे उत्तर तयार असते आणि हुद्दाही बरोबर असतो. अधिकारी एकदा "हुमणी" म्हणाले की चिटबॉय कशाला तोंड उघडेल! खरे तर रोज त्या वाटेने जाणारा तोच, दोन दिवसांपूर्वी त्याने काहीतरी पाहिलेलेही असते. चित्रापुढे मात्र आम्ही सारे सारखेच अडाणी. तिथे नियम एवढाच ठेवायचा: सर्वांत धाकट्याने आधी बोलायचे, साहेबाने शेवटी, आणि कुणी काही म्हटले की "ते कशावरून?" हे विचारायचे. भांडण न करता हा प्रश्न विचारायची सवय आमच्या गट ऑफिसांत नाही. तिथे "कशावरून" म्हणजे अपमान समजतात.

न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहालयात पोलिसांनाही असेच शिकवले गेले. सांगायचे एवढेच, की हा शौकिनांचा खेळ नव्हे.

मर्यादाही सांगून ठेवतो. चित्र बघून कुणाला लाल कूज ओळखता येणार नाही. येलची मुले वैद्यक शिकतच होती, तशी आमच्या माणसांना पिकाची माहिती हवीच. एका दिवसात सवय लागेल असेही नाही. आणि यासाठी शहरातून महागडा सल्लागार बोलवायला आमचा साफ विरोध आहे.

औंध सातारा जिल्ह्यातच आहे. तेथे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेल्या भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रे आहेत, हेन्री मूरचे दगडातले आई-मूल आहे. एवढा ठेवा जवळ असून आमच्यातले बहुतेक जण यमाईचे दर्शन घेऊन तसेच परत येतात!

गाळप बंद असताना एका गटाची माणसे न्यावीत आणि पुढच्या हंगामात त्या गटाचे टनेजचे अंदाज प्रत्यक्ष वजनाशी ताडून बघावेत. फरक पडला नाही तर आम्ही हा विषय पुन्हा काढणार नाही. ज्या सभासदांना बरोबर यायचे असेल त्यांनी गट ऑफिसात नाव द्यावे. भाकरी ज्याची त्याने आणायची आहे.