शिपायाच्या पायाखालची माती

(१)
युद्धखेळासाठी रंगवल्या जाणाऱ्या २८ मिलिमीटरच्या ऐतिहासिक सैनिकांची चर्चा निघाली की ती बहुतेक वेळा गणवेशाभोवतीच फिरते. कोणत्या रेजिमेंटची कॉलर पिवळी, कोणाची निळी, बटणे पितळी की पांढऱ्या धातूची. मूर्तीच्या पायाखालच्या चकतीला, म्हणजे बेसला, मात्र शेवटची पाच मिनिटे मिळतात. या थ्रेडचे म्हणणे असे की, हा क्रम उलटा आहे.

(२)
बेस करणे म्हणजे चकतीवर गोंद लावून वाळू चिकटवणे, तिला मातीचा रंग देणे, कोरड्या ब्रशने उंचवटे उजळणे आणि वर कृत्रिम गवताचे पुंजके बसवणे. काम सोपे, म्हणूनच दुर्लक्षित. गणवेश सांगतो, हा माणूस कोण होता. बेस सांगतो, तो कुठे, कोणत्या ऋतूत आणि कशावर उभा होता. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तयार तक्त्यात सापडते. दुसऱ्यासाठी शोध घ्यावा लागतो.

(३)
या छंदाच्या पूर्वजाकडे पाहिले तरी हेच दिसते. १८२४ मध्ये प्रशियन लेफ्टनंट राइसविट्झ याने आपला ‘क्रीग्सश्पील’ हा युद्धखेळ जनरल म्युफ्लिंगसमोर मांडला. त्यात रंगवलेले शिपाई नव्हतेच. पलटणींच्या जागी लाल आणि निळे ठोकळे होते. बारकावा होता तो नकाशात. खेळणाऱ्याला आधी जमीन वाचावी लागे, मग सैन्य हलवावे लागे.

(४)
हाच म्युफ्लिंग ९ वर्षांपूर्वी, १८ जून १८१५ रोजी, वॉटर्लूच्या रणांगणावर वेलिंग्टनच्या सोबत होता, प्रशियन सैन्याचा संपर्क अधिकारी म्हणून. आणि लघुसैनिकांच्या इतिहासातले सर्वांत बोलके प्रकरणही वॉटर्लूचेच आहे. त्याचा नायक सेनापती नव्हे. तो विल्यम सायबोर्न नावाचा एक ब्रिटिश लेफ्टनंट आणि भूमापक.

(५)
१८३० मध्ये सायबोर्नकडे वॉटर्लूची प्रतिकृती करण्याचे काम आले. भूमापनावर त्याचे पुस्तक आधीच प्रसिद्ध झाले होते. त्याने शिपायांपासून सुरुवात केली नाही. तो रणांगणावरच्या ला ए सांत या शेतवाडीत सुमारे आठ महिने राहिला आणि त्याने जमिनीची मोजणी केली. मग लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे धाडून विचारले: तुमची तुकडी संध्याकाळी ७ च्या सुमारास नेमकी कुठे होती? समोर शत्रू कोण होता? आणि पायाखाली पीक कोणते होते?

(६)
शेवटचा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु उभ्या राय धान्यात दडलेला बंदूकधारी दिसत नाही आणि तुडवलेल्या शेतात दिसतो. पिकाची उंची ठरली की कोणाला काय दिसले हे ठरते, आणि मग कोणाची साक्ष कितपत ग्राह्य धरायची हेही ठरते. सायबोर्नकडे सुमारे ७०० पत्रे जमली. त्यांतली बरीचशी त्याच्या मुलाने १८९१ मध्ये छापली. वॉटर्लूवर लिहिणारा अभ्यासक आजही त्यांच्याकडे वळतो. एका छंदाएवढ्या आकाराच्या प्रश्नातून इतिहासाचे एक मोठे साधन जन्माला आले.

(७)
प्रतिकृतीत हजारो चिमुकले धातूचे शिपाई होते, जेमतेम एक सेंटिमीटर उंचीचे. पण ते जिथे उभे केले तिथेच वाद पेटला. संध्याकाळच्या त्या घटकेला प्रशियन सैन्य किती पुढे आले होते? सायबोर्नच्या पुराव्यांनुसार बरेच पुढे. वेलिंग्टनच्या अधिकृत वृत्तांताशी ते जुळेना. १८३३ मध्ये सरकारी पैसा थांबला होताच. कर्जात बुडालेल्या सायबोर्नवर वरिष्ठ वर्तुळाचा दबाव राहिला आणि अखेरीस हजारो प्रशियन शिपाई प्रतिकृतीतून उचलले गेले. १८३८ मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये ती लोकांना दाखवली गेली. आज ती चेल्सी येथील नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

(८)
शिपाई कोठे ठेवायचा, हा कलेचा प्रश्न नव्हता. विजयाचे श्रेय कोणाचे, हा प्रश्न होता. ज्यांना लघुमूर्ती ही निव्वळ करमणूक वाटते त्यांनी एवढेच लक्षात घ्यावे की, नखाएवढ्या शिशाच्या शिपायांची एका साम्राज्याच्या सत्ताधाऱ्यांना अडचण झाली होती.

(९)
आता बेसकडे परत येऊ. लढाईच्या आदल्या रात्री वॉटर्लूवर मुसळधार पाऊस पडला. जमीन थोडी वाळावी आणि मागे राहिलेल्या तुकड्या पोचाव्यात म्हणून नेपोलियनने हल्ला सकाळी ११:३० च्या सुमारापर्यंत लांबवला. तेवढा वेळ चिखल तुडवत येणाऱ्या प्रशियनांना मिळाला. ज्याने आपल्या वॉटर्लूच्या शिपायांना बिलियर्डच्या टेबलासारखी हिरवळ दिली, त्याने निकालाचे एक कारणच पुसून टाकले. आणि चकतीवर चिखल असेल तर तो विजारींवरही हवा. साध्या ब्रिटिश शिपायाचा कोट मंजिष्ठाच्या मुळीने रंगवलेला, विटकरीकडे झुकणारा लाल असे. अधिकाऱ्याचा कोट उंची, भडक किरमिजी. सगळ्यांना एकच चकचकीत लाल देणारा ब्रश त्या सैन्यातली वर्गव्यवस्थाही पुसतो.

(१०)
मराठी वाचकाला अधिक जवळचे उदाहरण म्हणजे असई, आजच्या जालना जिल्ह्यातली. २३ सप्टेंबर १८०३. तोच वेलिंग्टन, तेव्हा आर्थर वेलस्ली. केळणा नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे पाहून त्याने ताडले की मध्ये उतार असणारच, आणि तिथूनच सैन्य पलीकडे नेले. ही लढाई जमीन वाचण्यातून सुरू झाली. तरीही ‘हिंदुस्थान’ म्हटले की रंगवणाऱ्याचा हात पिवळ्या वाळूकडे जातो. मराठवाड्यातली काळी माती, पावसाळ्याचा शेवट, नदीकाठचा ओलावा, हे सारे वाळवंटात हरवते.

(११)
असईत दुसरी चूक रंगाची होते. समोरचे सगळे मराठे भगव्या पागोट्यातले घोडेस्वार केले की काम झाले, असा एक समज आहे. परंतु त्या दिवशी वेलस्लीला सर्वांत जबर तडाखा दिला तो शिंद्यांच्या कवायती पायदळाने आणि तोफखान्याने. हॅनोव्हरचा पोहलमन त्या पलटणींचा सरदार होता. वेलस्ली बगलेवर उतरताच या पलटणींनी शिस्तीत तोंड फिरवून नवी रांग धरली, हे त्याला अनपेक्षित होते. त्याचे १५०० हून अधिक लोक ठार वा जखमी झाले. पेशव्यांचे घोडदळ तर वेलस्लीच्याच बाजूला होते. मराठे दोन्हीकडे होते, ही गुंतागुंत एका भगव्या बाटलीत मावत नाही.

(१२)
येथे एक रास्त आक्षेप येतो. नोकरी, अभ्यास, ट्रेकिंग, वाचन, क्रिकेट सांभाळून कोणी महिन्यात दहा मूर्ती रंगवत असेल, तर त्याच्यावर मृदाशास्त्राचे ओझे कशाला? उत्तर असे की, इतर छंद हे या छंदाचे प्रतिस्पर्धी नाहीत, ते त्याचे पुरवठादार आहेत. गड चढणाऱ्याला ठाऊक असते की सह्याद्रीची माती कुठे तांबडी आणि कुठे काळी. छायाचित्र काढणाऱ्याला संध्याकाळची सावली कळते. बागकाम करणाऱ्याला गवत कोणत्या महिन्यात पिवळे पडते हे सांगावे लागत नाही. फक्त मूर्तीच रंगवणाऱ्याची मूर्ती दुसऱ्याच्या मूर्तीवरून रंगवली जाते.

(१३)
दुसरा आक्षेप अधिक गंभीर: युद्धाचा खेळ करणे योग्य आहे का? एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे शिशाच्या शिपायांच्या खेळाचे पुस्तक लिहिले. खऱ्या युद्धाचा मूर्खपणा या खेळातून उमगतो, अशी त्याची भूमिका होती. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. खेळाने युद्ध टळत नाही, हे खरेच. पण कोऱ्या करकरीत गणवेशातले, हिरवळीवर ओळीत उभे असलेले शिपाई युद्धाला सणाचे रूप देतात. चिखल, तुडवलेले पीक आणि झिजलेले जोडे ते रूप काढून घेतात. कोणाचे तरी शेत होते ते, एवढी आठवण बेस ठेवू शकतो.

(१४)
महाराष्ट्रातल्या मुलांना ही कला शिकवावी लागत नाही. दिवाळीचा किल्ला करताना आधी माती कालवली जाते, दगडांवर उतार घडवले जातात, अळीव वा मोहरी पेरून रान उगवले जाते. मातीचे मावळे येतात ते सर्वांत शेवटी. क्रम अगदी बरोबर आहे. मोठेपणी तोच क्रम चकतीवर पाळायचा आहे: प्रायमरची बाटली उघडण्याआधी, ती लढाई कोणत्या महिन्यात आणि कोणाच्या शेतात झाली, हे शोधावे.