एका जुवाखाली

यंदाच्या दिवाळीत पुष्कळ घरांत फराळाच्या डब्यांबरोबर संगणकाचे खोकेही येईल. मग घरातले चिरंजीव त्याचा प्रोसेसर ‘जरा पळवून’ पाहण्याचा घाट घालतील. कारखान्याने नेमून दिलेल्या गतीपेक्षा तो जलद चालवणे, यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. वडीलधाऱ्यांनी एकदम डोळे वटारू नयेत, फक्त विचारावे, “बाळा, रॅम कोणती घेतली आहेस?”

हा प्रश्न का, ते १९९८ सालच्या एका गाजलेल्या उदाहरणावरून कळेल. त्या वर्षी इंटेलने सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर काढला. बोर्डावरचे घड्याळ सुमारे ६६ मेगाहर्ट्‌झचे; त्याची साडेचार पट करून हा गडी ३०० मेगाहर्ट्‌झने चाले. साडेचारचा आकडा कंपनीने कुलूपबंद करून ठेवला होता. हौशी मंडळींनी काय करावे? त्यांनी घड्याळच १०० वर नेले. झाले! तीनशेचा प्रोसेसर साडेचारशेने धावू लागला आणि महागड्या पेंटियम टूच्या पंक्तीला जाऊन बसला.

पण ज्या ४४०बीएक्स जातीच्या बोर्डांवर हा प्रयोग विशेष होई, तेथे रॅमही त्याच घड्याळाच्या तालावर चाले. एका जुवाखालच्या बैलांपैकी एकाला दामटले, की दुसऱ्यालाही धावावेच लागते. ठोक्यामागे जिथे १५ नॅनोसेकंद मिळत, तिथे आता १० च उरले. पीसी६६ रॅम त्या जुन्या तालासाठी बनलेली; एखादी निभावून नेईही, पण हमी कोण देणार? म्हणून शहाणी माणसे आधी पीसी१०० रॅम आणीत आणि मग घड्याळाला हात लावीत.

थकलेला बैल खाली बसतो, ते सर्वांना दिसते. रॅमचे तसे नाही. कधी यंत्र बंद पडते, पण कधी ती मुकाट्याने एखाद्या शून्याचा एक करून पुढे जाते. जमाखर्चातला आकडा बदलतो, मुंजीचे छायाचित्र बिघडते आणि ते बिघडलेलेच जपून ठेवले जाते. गती वाढली, पण विश्वास गेला, तर त्या गतीला काय चाटायचे आहे?

मोठा आकडा विकत घेतला म्हणजे भागले, असेही नाही. २०१९ सालच्या रायझन ३००० मालिकेत ३६०० ची डीडीआर४ रॅम प्रोसेसरच्या अंतर्गत मार्गाशी सुरेख जुळते. ३६०० चे खरे घड्याळ १८०० चे, कारण एका ठोक्यात ती दोनदा माल पोचवते. त्याच्या फार पुढची रॅम लावली, की रॅम-नियंत्रक निम्म्या चालीवर येतो. मग जास्त पैसे मोजूनही वाट पाहणे वाढते.

तेव्हा एवढे करावे. बोर्ड आणि प्रोसेसर यांना मानवेल तीच रॅम घ्यावी. खोक्यावरची गती बायोसमध्ये निवडल्याखेरीज ती बहुधा सावकाशच चालते, हे ध्यानात असू द्यावे. गती वाढवल्यावर मेमटेस्ट८६ रात्रभर चालू ठेवावा. सकाळी एक जरी चूक दिसली, तरी चिरंजीवांनी निमूटपणे एक पायरी खाली उतरावे. घरचे फोटो आणि हिशेब त्यानंतरच त्या यंत्राच्या हवाली करावेत.