शेवट पटला नाही, मॅडम!



१ जानेवारी २०२६ ची सकाळ. नागपूरची थंडी काय असते ते नागपूरकरांना सांगायला नको. आमच्या लकडगंजात त्या वेळी आरामशिनीसुद्धा सुरू झालेल्या नसतात. कोपऱ्यावरचा चहावाला तेवढा शेगडी पेटवत असतो. अशा वेळी माझा अकरावीतला भाचा, जो सुट्टीच्या दिवशी नऊच्या आत डोळा उघडत नाही, तो सव्वासहाला स्वतःहून उठला, तोंड धुतलं आणि रजई पांघरून मोबाईलसमोर बसला! माझ्या आईला, म्हणजे त्याच्या आजीला, वाटलं की पोरानं नवीन वर्षाचा संकल्प केला. ती कौतुकानं दूध तापवायला गेली.

संकल्प-बिंकल्प काही नव्हता. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ नावाच्या अमेरिकन मालिकेचा शेवटचा भाग आपल्याकडे त्या दिवशी सकाळी साडेसहाला यायचा होता. तुमच्यापैकी मोठ्या मुलांना ही मालिका माहीत असेल. (लहानांनी मोठं होईपर्यंत थांबा, ती लहानांसाठी नाहीच.) १९८० च्या दशकातलं हॉकिन्स नावाचं एक काल्पनिक गाव, सायकलीवर भटकणारी चार मित्रांची टोळी, त्यातला एक जण अचानक नाहीसा होतो आणि मग एक विलक्षण शक्ती असलेली मुलगी त्यांना भेटते, अशी सुरुवात. २०१६ च्या जुलैत ती सुरू झाली. म्हणजे माझा भाचा पहिली-दुसरीत होता तेव्हा! त्यानं ती बरीच नंतर पाहिली म्हणा, पण पाहिली ती अगदी मन लावून.

दोन तासांहून जास्त चालला तो भाग. संपल्यावर साहेब रजईत तोंड खुपसून पडले. मी विचारलं, “काय झालं रे?”

“मावशी, शेवट पटला नाही.”

मग दिवसभर फोन. चार मित्र आणि पाच मतं! एक म्हणे, याहून चांगला शेवट होऊच शकत नाही. दुसरा म्हणे, सगळं घाईघाईत उरकलं. तिसऱ्याचा गळा दाटून आलेला, कारण आता पुढे काही येणार नाही. आणि त्या मुलीचं शेवटी नेमकं काय झालं, हे मालिकेनं थोडं मोकळंच ठेवल्यामुळे त्यावर तर रात्रीपर्यंत वाद रंगला. मी ऐकत होते आणि मला हसू येत होतं. कारण “शेवट पटला नाही” हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. एकट्या भाच्याकडून नाही, वर्गातल्या चाळीस जणांकडून. एकाच वेळी!

तेही २०१६ चंच साल. नोकरीला लागून मला फार दिवस झाले नव्हते आणि माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. त्या वर्षी २२ फेब्रुवारीला झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली. आठवते ना? आठवत नसेल तर आईबाबांना विचारा. सिंधुदुर्गातल्या आकेरी गावातला तो जुना वाडा, नाईकांचं कुटुंब, अण्णांचा मृत्यू आणि त्यानंतर घरात घडणाऱ्या चमत्कारिक गोष्टी. कोकण कुठे अन् आमचं नागपूर कुठे! राज्याची दोन टोकं. आमच्या मुलांनी समुद्रसुद्धा पुस्तकातच पाहिलेला. पण मालवणी बोली लकडगंजात अशी घुसली की विचारू नका. त्या मालिकेतला पांडू सगळं विसरायचा. गृहपाठ का नाही आणला म्हणून विचारलं की माझी मुलं उभी राहून पांडूसारखी मान वाकडी करायची आणि म्हणायची, “इसारलंय!” रागवायचं की हसायचं, तेच मला समजायचं नाही.

मालिका लागायची रात्री साडेदहाला. त्यामुळे सकाळच्या शाळेत निम्मा वर्ग जांभया द्यायचा. तिकडे कोकणातल्या काही मंडळींनी सुरुवातीलाच हरकत घेतली होती की आमच्या भागाचं हे कसलं चित्र दाखवता? अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारी माणसंही नाराज होती. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. नरेंद्र दाभोळकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याला तीनच वर्षं झाली होती. अशा राज्यात घरोघरी रोज रात्री भुताटकीची चर्चा चालावी, हे त्यांना खटकणारच.

तर २२ ऑक्टोबरला, शनिवारी, मालिका संपली. खुनांमागे कोण होतं ते मी इथे सांगणार नाही. कोणी अजून पाहिली नसेल तर त्याची मजा कशाला घालवायची? एवढंच सांगते की भुताकडे नव्हे, माणसाकडे बोट दाखवलं गेलं. सोमवारी मी वर्गात पाऊल टाकलं आणि एकच गलका.

“मॅडम, आठ महिने आम्ही पाहून राहिलो अन् शेवटी हे?”

“काहीबी दाखवलं मॅडम!”

“मले तर पहिल्याच दिवशी माहीत होतं.” (हे म्हणणारा एक जण प्रत्येक वर्गात असतोच. परीक्षेचा पेपरही त्याला आधीच माहीत असतो, मार्क मात्र पडत नाहीत.)

मी मुलांना म्हटलं, थांबा, हात वर करा. शेवट कोणाला आवडला? सहा हात. कोणाला नाही आवडला? सगळे बाकीचे. मग विचारलं, तुम्हाला कोण खुनी हवा होता? तर काय गंमत, बारा-तेरा वेगवेगळी नावं आली! कोणाला पांडू, कोणाला दत्ता, कोणाला चक्क माई. आता मला सांगा, लेखकानं यातला कुठलाही शेवट केला असता तरी वर्गातले किती जण खूश झाले असते? दोन किंवा तीन. रहस्यकथा चालू असते तेव्हा प्रत्येक प्रेक्षक मनातल्या मनात आपापला शेवट रचत असतो. लेखकाचा शेवट आला की बाकी सगळ्यांचे मोडतात. त्यातून रोजची मालिका! आठवड्यातून सहा दिवस काहीतरी दाखवायचं म्हणजे रोज नवा संशय, नवा आवाज, नवी सावली. आठ महिन्यांत एवढे धागे सुटे करून ठेवलेले असतात, ते शेवटच्या आठवड्यात गोळा कसे होणार? मालिकेचं चुकलं नाही असं मी म्हणत नाही. मलाही तो शेवट घाईचाच वाटला होता.

पण प्रेक्षकांचा राग म्हणजे काही साधी गोष्ट नाही बरं का. शेरलॉक होम्स तुम्हाला माहीत आहे. त्याचे लेखक ऑर्थर कॉनन डॉयल त्याच्या गोष्टी लिहून लिहून कंटाळले आणि १८९३ च्या डिसेंबरात ‘स्ट्रँड’ मासिकात त्यांनी होम्सला कड्यावरून खाली पाठवून दिलं. खेळ खलास! वाचक असे खवळले की वीस हजारांनी मासिकाची वर्गणी बंद केली असं सांगतात. पुढे १९०१ मध्ये डॉयलनी ‘बास्करव्हिल’ची प्रसिद्ध कादंबरी लिहायला घेतली तेव्हा पंचाईत झाली, होम्स तर मेलेला! मग त्यांनी युक्ती केली. ही गोष्ट होम्सच्या मृत्यूच्या आधीची आहे, असं ठरवून टाकलं. आणि १९०३ मध्ये तर त्याला सरळ जिवंतच केलं. आता गंमत पाहा. ‘रात्रीस खेळ चाले’चा दुसरा भाग १४ जानेवारी २०१९ ला सुरू झाला, त्यातही हेच! अण्णा पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच गेलेले, मग त्यांच्या मृत्यूच्या आधीची कथा दाखवली. अण्णा आणि शेवंता घराघरांत पोचले ते खरं या दुसऱ्या भागात.

आणि त्या बास्करव्हिलच्या कादंबरीतला अंधारात पेटल्यासारखा चमकणारा भुताचा कुत्रा? तो खरोखरीचा कुत्रा निघतो. त्याच्या तोंडाला फॉस्फरस फासलेला असतो.

आता थोडं भीतीविषयी. मी त्या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना एक काम दिलं होतं, तुम्हीही करून पाहा. भीतीदायक प्रसंग सुरू झाला की टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करायचा. काय दिसतं? एक बाई कंदील घेऊन हळूहळू चालते आहे. बस! पाच-सहा मुलांनी सुट्टीनंतर येऊन सांगितलं, “मॅडम, हसायला येते.” दाराची करकर, वाऱ्याची घूंघूं, एकदम वाजणारं संगीत, हे सगळं नंतर आवाजाच्या खोलीत बसून जोडलेलं असतं. आपली भीती निम्म्याहून अधिक कानातून आत येते. आम्हा नागपूरकरांना भीतीची वस्तू बनताना पाहायची तशी सवय आहे. इतवारीतल्या मारबती पाहा ना! बांबू, कागद, रंग, सगळं डोळ्यांसमोर चढतं. मग तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तिला “घेऊन जा गे मारबत” म्हणत वाजतगाजत मिरवायचं आणि शेवटी जाळून टाकायचं. तिला कोणतंही पोरगं भीत नाही. उलट खांद्यावर बसवा म्हणून बापाच्या मागे लागतं.

आईबाबांनो, एक तक्रार तुमच्याकडेही आहे. “बघ हं, अण्णा येतील” म्हणून जेवू घालणारे पालक मी तेव्हा पाहिले आहेत. मूल पटकन जेवतं, हे खरं. पण मग तेच मूल रात्री एकटं मोरीपर्यंत जात नाही म्हणून त्यालाच भित्रा म्हणायचं, हे काही बरोबर नाही. आणि मुलांना दटावून झोपायला पाठवून आपण दाराआड तीच मालिका मोठ्या आवाजात पाहायची, हेही नाही. आवाज मुलांच्या खोलीत जातोच. बघायची असेल तर सोबत बसून बघा आणि संपल्यावर पाच मिनिटं बोला. नाहीतर नका बघू.

हे मी आता शहाण्यासारखं सांगते आहे, पण त्या सोमवारी माझीच एक चूक झाली होती. ती सांगून टाकते.

गलका जरा शांत झाल्यावर मी मोठ्या ऐटीत म्हटलं, “पाहिलंत ना? शेवटी माणूसच निघाला. भूत-बीत काही नसतं. मेलेलं माणूस परत येत नाही!” मुलं हसली. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा हसला नाही. एरवी बडबड्या. मधल्या सुट्टीत तो डबा न उघडता बसून होता. मी जवळ गेले तर म्हणाला, “मॅडम, म्हणजे अण्णा आलेच नव्हते?”

“नाही रे.”

“मग आमचे आबाजी?”

त्याचे आबाजी उन्हाळ्यात गेले होते. आयुष्यभर आरामशिनीवर काम केलेला माणूस. नातू आणि आजी दोघं रोज रात्री ती मालिका पाहायचे. मालिका संपली, दिवा मालवला की थोड्या वेळानं आबाजींची रिकामी सागवानी खाट करकरायची. आजी म्हणायची, “आले वाटते.” तो म्हणाला, त्याला भीती नाही वाटायची. आवाज आला की त्याला झोप लागायची.

आता यावर काय बोलावं? डीएडला असं काही शिकवत नाहीत. “विज्ञान काय सांगतं” म्हणून तिथंच फळा गाठणारी मी, पण त्या दिवशी तोंडातून शब्द फुटेना. मी त्याचा डबा उघडून दिला आणि शेजारी बसले. त्याची भाजी खाल्ली, माझी त्याला दिली. मग विचारलं, आबाजी काय काय सांगायचे तुला? तो म्हणाला, लाकूड वासावरून ओळखायला शिकवलं. मी म्हटलं, ओळख बरं. त्यानं बाकाला नाक लावलं आणि म्हणाला, “हे सागाचं नाही. स्वस्तातलं आहे.” आम्ही दोघंही हसलो. खाटेचा विषय मी काढला नाही. त्यानंही नाही.

त्या दिवशी मी सगळ्या वर्गाला मालिकेचा आपापला शेवट लिहून आणायला सांगितला होता. त्यानं वही कोरी दिली. मीही काही बोलले नाही. सुट्टी संपल्यावर, नोव्हेंबरात, एक दिवस त्यानं वही माझ्या टेबलावर ठेवली आणि पळून गेला. त्यात मालिकेतलं कोणीच नव्हतं. पेन्सिलीनं सहा-सात ओळी होत्या. त्या मला शब्दाला शब्द आठवत नाहीत, पण मजकूर असा होता:

पावसाळ्यात लाकूड पाणी पिते आणि फुगते. पावसाळा गेला की हवा कोरडी होते, रात्री थंडी पडते. मग लाकूड आकसते आणि सांधे करकरतात. टालीवर पण असा आवाज येतो. आबाजी म्हणायचे, लाकूड बोलते. मी काल रात्री आजीले हे सांगितलं. आजी उठून बसली. म्हणाली, हो रे, असंच म्हणायचे ते. मग आजीनं मला आबाजींच्या खाटेवर झोपू दिलं.