धूर फक्त दिल्लीत नाही, आपल्या शिवारातही आहे

दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पंजाब-हरियाणात भाताचे काड जाळल्याच्या आणि दिल्लीच्या धुरकट हवेच्या बातम्या येतात. त्याच सुमारास आपल्याकडे ऊसतोड सुरू होते आणि कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात तोडणीनंतर अनेक शेतांत पाचट पेटवले जाते. त्याची बातमी क्वचितच होते. फुप्फुसांना मात्र दोन्ही धूर घातकच.

धुरात काय असते?

पाला, लाकूड, गोवऱ्या अर्धवट जळल्या की कार्बनचे काळे कण तयार होतात. चुलीवरच्या भांड्याला धरते ती काजळी हीच. यातले बहुतेक कण २.५ मायक्रॉनपेक्षा लहान असतात. नाक-घसा त्यांना अडवू शकत नाही, ते थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. श्वासनलिकांना सूज येते, दमा उसळतो. हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोकाही वाढतो.

मोबाइलवरचा आकडा पुरेसा नाही

या कणांची २४ तासांची सरासरी मर्यादा भारतात ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सुचवली. पण मोजणी केंद्रे मुख्यतः शहरांत आहेत. तुमच्या बांधावरचा आणि स्वयंपाकघरातला धूर त्या आकड्यात येत नाही. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, गॅस घरोघरी पोहोचला, तरी सिलिंडर पुरवून वापरायचा म्हणून आंघोळीचे पाणी अनेक घरांत आजही चुलीवरच तापते. आयुष्यात कधी विडी न ओढलेल्या महिलांना सीओपीडी होण्याचे हे मोठे कारण आहे. "थंडी बाधली" म्हणत वर्षानुवर्षे नुसते कफ सिरप घेतले जाते आणि खरा आजार मागेच राहतो.

तुम्ही काय करू शकता?

• दमा-सीओपीडी असल्यास बरे वाटले तरी रोजचा इन्हेलर स्वतःहून बंद करू नका. तातडीचा इन्हेलर जवळ ठेवा.
• थंडीत पहाटे धूर जमिनीलगत साचतो. ऊन वर आल्यावर फिरायला जा.
• रुमालाने हे कण अडत नाहीत. धुरात जावेच लागले तर नीट बसणारा एन-९५ मास्क वापरा.
• चूल उघड्यावर किंवा धुराडे असलेल्या जागी ठेवा. गरोदर महिला आणि लहान मुलांना तिथून दूर ठेवा.
• पाचट जाळण्याऐवजी सरीत पसरा किंवा कुट्टी करा. जमिनीतली ओलही टिकते.
• खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला तर डॉक्टरांना दाखवा. थुंकी तपासणी आणि स्पायरोमेट्रीबद्दल विचारा.

बसल्या जागी धाप लागणे, एक वाक्य सलग बोलता न येणे, ओठ निळसर होणे किंवा छातीत दुखणे, यांपैकी काहीही झाले तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.